घास मागे ठेवून

कप बशीत किणकिणला तेव्हा उल्बोल्सिनला वाटलं, खालून ट्राम चाललीय. मग तिला आठवलं की त्यांच्या रस्त्यावरची ट्राम बंद होऊन वर्षं लोटली, रूळसुद्धा उखडून नेले. हे आठवेपर्यंत छताचा दिवा झोके घ्यायला लागला होता, कपाटातल्या काचा एकमेकींना कोपर मारत होत्या, आणि पायाखालची जमीन, घोड्याने अंगावरची माशी उडवावी तशी एकदा थरथरून पुन्हा गप्प झाली होती. एवढंच. पण तेवढ्यात जिन्यावर पावलांचा लोंढा सुटला आणि पाचव्या मजल्यावरून ती त्या लोंढ्यात कधी मिसळली, दार ओढलं की उघडंच टाकलं, हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. तिला भान आलं ते खाली अंगणात, जर्दाळूच्या झाडाखाली, सकाळच्या उन्हात, घरातल्या गाऊनवर उभी असताना. आणि तेही आपणहून नाही. तिसऱ्या मजल्यावरचा तेल्मान बोलला म्हणून.

आल्मातीत जमीन हलण्याला कोणी नवखं नसतं. कागदपत्रांची पिशवी दाराशी टांगून ठेवा, असं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं आणि ती पिशवी बहुतेकांच्या दाराशी टांगलेलीही असते. पण पळताना माणूस पिशवी विसरतो आणि भलतंच काहीतरी उचलतो. पहिल्या मजल्यावरची झान्ना ऐन ऑगस्टात फरचा कोट कवटाळून आली होती. नवरा मागून आपल्या पायांनी आला. चौथ्या मजल्यावरच्या हिशेबनिसाच्या हातात टीव्हीचा रिमोट होता आणि तो अधूनमधून त्याची बटणं दाबत होता, जणू जमीन पुन्हा हलली तर चॅनेल बदलता येईल. तेल्मानकडे किटलीचं झाकण. नुसतं झाकण. ते त्याने टोपीसारखं छातीशी धरलं होतं आणि उल्बोल्सिनच्या हाताकडे बघत तो म्हणाला, "न्याहारीला बोलावतेयस का, कुर्दास? आधी सांगायचं, दात घालून आलो असतो." तेव्हा तिने आपल्या हातात पाहिलं. हातात नान होता. वाळून दगड झालेला, कडेला एका बाजूने चावा घेतलेला, तोर्गिनचा नान.

सगळे हसले. तीही हसली. एकाच सालात जन्मलेले म्हणून ती आणि तेल्मान कुर्दास, आणि कुर्दासाने काहीही बोललेलं माफ असतं. उलट न बोलला तर लोक विचारतात, भांडण झालं का. पण हसताना तिने नान गाऊनच्या घोळाआड लपवला. कोणाला काही सांगायची गरज नव्हती, सगळ्यांच्याच घरांतून कधी ना कधी असा नान टांगलेला असतो. माणूस लांब निघालं, सैन्यात, शिकायला, परमुलखात, की उंबऱ्यावर त्याच्यासमोर नान धरायचा. त्याने एक घास चावायचा आणि निघायचं. उरलेला नान फडक्यात बांधून उंचावर ठेवायचा. आपला घास अर्धा सोडून गेलेलं माणूस तो पुरा करायला परत येतं. तिची मुलगी तोर्गिन वॉर्साला शिकायला गेली, शिकून झालं, नोकरी लागली, मग दुसरी लागली. नान कपाटावरच राहिला. दर वसंतात उल्बोल्सिन तो काढायची, फडकं बदलायची, मुंग्या नाहीत ना बघायची आणि परत ठेवायची. त्यात काही विशेष नव्हतं. विशेष हे, की छत डोक्यावर येईलसं वाटलं त्या क्षणी तिच्या हाताने पासपोर्ट घेतला नाही, पेन्शनचं कार्ड घेतलं नाही, गेलेल्या नवऱ्याचा, कैरोल्लाचा, फोटो घेतला नाही. स्टुलावर चढल्याशिवाय जो नान निघत नाही तो काढला. म्हणजे जमीन हलत असताना ती स्टुलावर चढली होती. हे तिला वर आल्यावर, स्वयंपाकघराच्या मधोमध उभं ते स्टूल दिसल्यावर कळलं. जमीन केव्हाच थांबली होती.

ती त्याच स्टुलावर बसली. खिडकीतून नेहमीसारखा आर्शाली दिसत होता. शहराच्या दक्षिणेला मोठे हिमाचे डोंगर असतात, पाहुणे त्यांचे फोटो काढतात. आर्शाली त्यांच्या पुढ्यात, बुटका, माथ्यापर्यंत देवदारांनी झाकलेला, मोठ्या भावांच्या लग्नात काळी टोपी घालून उभा असलेल्या धाकट्यासारखा. कैरोल्ला दर शरदात एका रविवारी कामावरच्या सोबत्यांबरोबर तिथे जायचा. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. एका दिवसाच्या वाटेला कोणी नान चावत नाही, पण त्याच्या आईने त्याला ती सवय लावली होती आणि लग्नानंतर ती सवय उल्बोल्सिनच्या अंगावर पडली. ती नान धरायची, तो चावायचा, तोंड भरलेलं असतानाच काहीतरी बोलायचा आणि जिना उतरायचा. दुपारी एक वाजता ती खिडकी उघडून हात हलवायची. तो संध्याकाळी येऊन उरलेला नान चहात बुडवून खायचा आणि म्हणायचा, माथ्यावरून आपली खिडकी स्वच्छ दिसली, निळ्या रुमालात होतीस, हात फार वेळ हलवलास, दुखला असेल. दरवर्षी हेच. एका वर्षी तो निघून गेल्यावर तिच्या निळ्या रुमालावर दूध सांडलं, म्हणून तिने पिवळा बांधला होता. तो आला आणि म्हणाला, निळ्या रुमालात होतीस. तिला वाटलं, इतक्या लांबून पिवळासुद्धा निळा दिसत असेल. लांबून डोंगर नाही का निळे दिसत. तिने त्याला सांगितलं नाही. ज्याने इतक्या दुरून आपल्याला पाहिलं त्याला रंगावरून काय अडवायचं.

ती स्वतः मात्र आर्शालीला कधी गेली नाही. सुरुवातीला पोटात बेर्दीबेक, मग कडेवर बेर्दीबेक, मग तोर्गिन, मग सासू अंथरुणाला. पण ही सगळी कारणं लोकांना सांगायची. खरं कारण इतकं सोपं होतं की ते कोणाला सांगायचंसुद्धा सुचलं नाही. नान घरी ठेवायचा तर घरी कोणीतरी हवं. बेर्दीबेक सैन्यात गेला तेव्हा तिने त्याचा नान ठेवला, तो आला, चावून दात दुखला म्हणून शिव्या घातल्या, त्या तिने साखरेसारख्या ऐकल्या. कैरोल्लाच्या शेवटच्या वाटेला नान चावायला वेळ मिळाला नाही, रुग्णवाहिकेतली माणसं घाईत होती. त्याबद्दल ती विचार करायची नाही, म्हणजे करायची, पण दुसरं काहीतरी करत करत. आज स्टुलावर बसून तिने आयुष्यात पहिल्यांदा उलट्या बाजूने हिशेब मांडला. इतक्या जणांचे इतके घास आपण राखले, आपला घास कुठे आहे? कुठेच नव्हता. लग्न होऊन गाव सोडलं तेव्हाही नाही. तिने आईला विचारलं होतं. आई म्हणाली, मुलीला परत यायचं नसतं, मुलीला नान कशाला. आई वाईट नव्हती. चार मुलींनंतर पाचवीचं नाव तिने उल्बोल्सिन ठेवलं, म्हणजे पुढचा मुलगा होऊ दे. आणि पुढचा झालाही. नावाचं काम झालं, नाव मात्र तिला जन्मभर पुरलं. आपण नेहमी दुसऱ्या कोणासाठी तरी उघडून ठेवलेलं दार आहोत, असं तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर रागही आला, कारण हे वाक्य टीव्हीवरच्या मालिकेत शोभलं असतं. ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं आणि चहा पुन्हा गरम केला.

त्या दिवसापासून मात्र आर्शाली खिडकीतून हलेना. आधी तो भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं तसा दिसायचा. आता तो बघायला लागला. भांडी घासताना, बटाटे सोलताना, संध्याकाळी शहराचा धूर वर चढून तो अर्धा पुसला जाई तेव्हासुद्धा. शेवटी दुधाच्या दुकानाच्या रांगेत तिने तेल्मानला सांगून टाकलं की आपण आर्शालीला जाणार, सप्टेंबरातल्या एखाद्या रविवारी. तेल्मानने तिच्या पायांकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि रांगेतला आपला नंबर सोडून तो तिच्या मागे येऊन उभा राहिला. तो जन्मभर ट्रॉलीबस, डोक्यावरच्या विजेच्या तारेला धरून धावणारी बस, चालवत होता. अंगणातली माणसं म्हणायची, तारेला बांधलेला माणूस, तार संपली की उभा राहील. तेल्मानलाही ते मान्य होतं. तो म्हणायचा, ट्रॉलीबसवाला कोणाला मागे टाकत नाही आणि कोणाच्या घरी वाट चुकून जात नाही, हे काय कमी आहे. आता त्याला नवी तार मिळाली. त्या दिवसापासून डोंगर उल्बोल्सिनचा राहिला नाही, तेल्मानचा रूट झाला.

तो रोज संध्याकाळी तिच्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा आणि खिडकीतल्या आर्शालीवर चमच्याने वाट काढून दाखवायचा. त्याच्या मते डोंगर बिंगर काही नसतं, रूट असतो. पहिला थांबा झरा, तिथे बाटल्या भरायच्या. दुसरा थांबा पडलेला देवदार, तिथे बसायचं, पण फार नाही, कारण बसलेलं म्हातारं माणूस गारठलेल्या इंजिनासारखं असतं. मग चढ, मग गवताची मोकळी जागा, मग पुन्हा दाट झाडी, आणि शेवटचा थांबा माथा. "आणि शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायला जागा आहे की नाही, हे निघायच्या आधी बघायचं असतं. चढणारे सगळे चढतात, कुर्दास. लोक वळताना पडतात." ही माहिती त्याने कुठून मिळवली, असं विचारलं की तो गूढ हसायचा. पुढे कळलं की रविवारी डोंगरावर जाणारे पेन्शनर ज्या बसथांब्यावर जमतात तिथे जाऊन त्याने एकेकाला गाठून पिळून काढलं होतं. हे कळलं तेव्हा तिला हसू आलं आणि हसण्याखाली दुसरंच काही हललं, बशीतला कप हलतो तसं, थोडंसं. तिच्यासाठी कोणी कधी इतकी चौकशी केली नव्हती. पण लगेच तिने स्वतःला बजावलं, चौकशी त्याला करायचीच होती, तू निमित्त. माणसाला निमित्त फार स्वस्त मिळतं.

बुटांवरून वाद झाला. कैरोल्लाचे जुने बूट माळ्यावर होते. दोन लोकरी मोजे घातले की तिला बसायचे. तेल्मान म्हणाला, मेलेल्या माणसाच्या बुटांना घरची वाट पाठ असते पण ती त्याची, तुझी नाही. त्याने स्वतःला मात्र बाजारातून नवे कोरे बूट घेतले होते, ते तो घरात घालून फिरायचा आणि खालच्या मजल्यावरची बाई झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. खाण्यावरून दुसरा वाद. त्याला काझी, म्हणजे घोड्याच्या मांसाचं सॉसेज, हवी, उकडलेले बटाटे हवेत, तळलेल्या कणकेचे बाउरसाक, थर्मास, टरबूज. टरबूज कोण उचलणार, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, चढताना मी, उतरताना आपण दोघं, पोटातून. शेवटी कुर्तावर तडजोड झाली. ते वाळवलेल्या दह्याचे खारट पांढरे गोळे खिशात मावतात, तोंडात एक धरला की तास जातो, आणि मुख्य म्हणजे तोंडात असला की तेल्मानला बोलता येत नाही. सरावासाठी ती पाठीवरच्या पिशवीत बटाटे भरून जिना चढायची, उतरायची, पुन्हा चढायची. झान्ना दार उघडून बघायची आणि आईला किंवा कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला घालतात तशी हाक घालून म्हणायची, आपा, आम्ही लिफ्ट नाही म्हणून रडतो आणि तुम्ही बटाट्यांना फिरवून आणताय. अस्तानाहून बेर्दीबेकचा फोन आला. त्याला अंगणातल्या कोणीतरी कळवलं होतं. त्याने वयाचा विषय काढला, मग रक्तदाबाचा, मग फोन बायकोला दिला. गाउहार चांगली सून आहे, ती नेहमी तोडगा काढते. ती म्हणाली, आपा, डोंगरच बघायचा तर केबल कारने जा ना, वर कॉफीसुद्धा मिळते. उल्बोल्सिन बरं म्हणाली. सुनेला बरं म्हणायला काही लागत नाही.

तोर्गिनचा फोन वेगळा होता. तिने तो फोटो पाहिला होता. भूकंपाच्या सकाळी कोणीतरी अंगणात काढलेला, कोटवाली झान्ना, झाकणवाला तेल्मान, आणि कडेला गाऊन घातलेली आई. तिने बराच वेळ हवेची, भाड्याच्या घराची चौकशी केल्यासारखं स्वतःचंच सांगितलं. मग म्हणाली, "आपा, तुझ्या हातात ते काय होतं?" उल्बोल्सिनची नजर कपाटावर गेली. "तो अजून आहे?" तिकडून आलेला आवाज इतका बारीक होता की वाटलं, मुलगी पुन्हा सहा वर्षांची होऊन टेबलाखाली बसलीय. "आहे. कुठे जाईल? तो काय शिकायला गेलाय?" उल्बोल्सिन म्हणाली. दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की हा टोमणा आपण मारायला नको होता, आणि हेही जाणवलं की तो मारल्यामुळे बरं वाटलं.

शनिवारी दुपारी तिने कणीक मळली. पिशवी दाराशी तयार होती, थर्मास धुऊन पालथा घातलेला, बूट चरबी चोळून मऊ केलेले. उद्याचा दिवस स्वच्छ आहे असं रेडिओने सांगितलं होतं आणि तेल्मानच्या गुडघ्यानेही. काहीच राहिलं नव्हतं. तिने नान तव्यावर टाकला, त्याचा वास घरभर झाला, आणि तो उलटताना तिचा हात थांबला. हा नान उद्या सकाळी उंबऱ्यावर धरायचा. धरणार कोण? ती चावणार, मग तो कोणाच्या हातात देणार? इतके आठवडे तिने पाण्याचा, पायांचा, पावसाचा विचार केला होता आणि ज्या एका गोष्टीसाठी हे सगळं चाललं होतं तीच तिच्या हिशेबातून निसटली होती, कारण त्या जागी आयुष्यभर ती स्वतःच होती. दिवा घेऊन फिरणाऱ्याला आपली सावली दिसत नाही, तसं काहीसं. झान्नाकडे द्यावा तर ती कबुतरांना घालेल. गाउहारला पाठवावा तर ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवेल, वर तारीख लिहील. आणि तेल्मान तर बरोबर येणार.

तो आला तेव्हा नवे बूट घालूनच आला. तिने त्याला सांगितलं. तो आधी हसला. टेबलावरचा गरम नान त्याने दोन बोटांनी दाबून पाहिला आणि म्हणाला, "खिडकीत ठेव. चिमण्या राखतील."

"चेष्टा नकोय मला."

"अगं, आपण आर्शालीला चाललोय, लढाईवर नाही. संध्याकाळच्या आत परत. तुझा चावा वाळायचासुद्धा नाही."

तो खरं बोलत होता, आणि म्हणूनच तिला झोंबलं. तिला सांगायचं होतं की प्रश्न परत येण्याचा नाही; पाय धड असले की कोणीही परत येतं. परत येण्याचं दुसरं टोक कोणीतरी धरून बसलेलं असावं, एवढंच एकदा पाहायचंय मला. पण असली वाक्यं चुलीपुढे उभं राहून तोंडातून निघत नाहीत. त्यांच्या जागी दुसरंच काहीतरी निघतं. ती म्हणाली, "तुझी बायको करागांदाला निघाली तेव्हाही तू हेच म्हणाला असशील. बहिणीकडे तर चाललीय, येईल परत. नान धरला नाहीस तिच्यापुढे."

कुर्दासाला सगळं माफ असतं. पण त्या सगळ्यालाही कुठेतरी कुंपण असतं, आणि ते कुठे आहे हे ओलांडल्यावरच कळतं. तेल्मानने बोटांवरचं पीठ झटकलं, टोपी घेतली, आणि उद्या बघू म्हणून गेला. जिन्यावर नव्या बुटांचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू आला. मग दार. उल्बोल्सिनने नान फडक्यात गुंडाळला. तिला पश्चात्ताप झाला, पण त्याहून जास्त थकवा आला. जणू ती आत्ताच डोंगर चढून आली होती आणि वर काहीच नव्हतं. तिने पिशवीतले कुर्त काढून बरणीत परत टाकले. बूट मात्र माळ्यावर टाकायचे राहिले. हात पोचेना, आणि स्टुलावर चढायची तिला इच्छा नव्हती.

सकाळी दार वाजलं तेव्हा आर्शालीच्या खांद्यावर नुकतं ऊन आलं होतं. तेल्मान उभा होता, दाढी केलेली, इस्त्रीचा सदरा, आणि पायात घरातल्या सपाता. काखेत लाल टेबलक्लॉथ. ती त्याच्या सपातांकडे बघत राहिली.

"दे," तो म्हणाला. "चाव आणि दे."

"तू?"

"मी राहतो." तो आत येऊन कुठे उभं राहावं हे न कळून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला उभा राहिला, जिथे ती इतकी वर्षं उभी राहिली होती. "रात्रभर विचार केला. आयुष्यभर थांब्याथांब्यावर लोक माझी वाट बघत उभे राहिले. ऊन, बर्फ, काहीही. मी कोणाची बघितली नाही. ती गेली तेव्हाही मला वाटलं, शेवटचा थांबा आला की गाडी आपोआप वळते." मग त्याला हे फार झालंसं वाटलं असावं, कारण त्याने लगेच नाक शिंकरलं आणि म्हणाला, "शिवाय बूट चावतात. रूट तुला पाठ आहे. झरा, देवदार, गवत, झाडी, माथा. रविवारी वाटेवर बाजार भरल्यासारखी माणसं असतात, हरवायचं म्हटलं तरी कोणी हरवू देणार नाही. एक वाजता मी या खिडकीत उभा राहून हा टेबलक्लॉथ हलवीन. कैरोल्लाला तुझा रुमाल दिसायचा, तर तुला हा दिसलाच पाहिजे. कापड मोठं आहे."

त्याने दोन्ही हातांवर नान धरला. तिने वाकून कडेला चावा घेतला. कालचा होता, तरी मऊ होता. इतक्या जणांना तिने चावताना पाहिलं होतं, पण त्या घासाला चव असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तोंड भरलेलं असताना प्रत्येक जण काहीतरी बोलायचा प्रयत्न का करायचा, हे तिला आत्ता समजलं. ती काहीतरी बोलली. तेल्मानला ते कळलं नाही आणि त्याने मान डोलावली. मग तो तिच्याहून काही आठवड्यांनी मोठा असल्याचं त्याला आठवलं. त्याने नान बाजूला ठेवून तळवे वर करून वाट सुखाची होवो असा आशीर्वाद दिला, चेहऱ्यावरून हात फिरवले आणि वर जोडलं की पायही सुखाचे होवोत, कारण मी वर येऊन उचलणार नाही. घराची किल्ली तिने त्याच्या हातात ठेवली. बरणीतले कुर्त त्याने मुठीने तिच्या खिशात कोंबले. जिना उतरताना तिला वाटलं, पाठीवरची पिशवी हलकी आहे की जड, हे ठरवता येत नाहीये.

वाट त्याने सांगितली होती तशीच होती, आणि अजिबात तशी नव्हती. झऱ्याचं पाणी दातांना लागलं. पडलेल्या देवदारावर आधीच एक कुटुंब बसलं होतं, त्यांनी सरकून जागा दिली आणि तिला अंडं देऊ केलं. गवताच्या मोकळ्या जागेवरून मागे वळून पाहावंसं वाटलं, पण खाली धुराचा पांढरा थर होता आणि तिने ठरवलं होतं, माथ्याआधी बघायचं नाही. चढावर कैरोल्लाचे बूट तिला पुढे ओढत होते की ती त्यांना, हा विचार ती करत राहिली. मग विचार आणि धाप यांत फरक राहिला नाही आणि नुसती पावलं उरली. झाडी दाट झाली. पायाखाली सुयांचा जाड थर, आवाज न करणारा. अंधारलेलं, राळेच्या वासाचं, थंड. आपल्या आत एक जागा आहे आणि ती अशीच आहे, असं तिला वाटलं. तिथे कोणी कधी आलं नव्हतं, तीसुद्धा. मग चढ संपला. ती आणखी थोडी पुढे गेली, आणि उतार लागला, तेव्हा तिला कळलं की मागे राहिला तो माथा.

ती परत फिरली. दगडांचा एक ढिगारा, त्यात खोचलेला लोखंडी दांडा, दांड्याला बांधलेल्या चिंध्या. आणि चारी बाजूंनी देवदार. तिने उत्तरेकडे तोंड केलं. खोड. दोन पावलं डावीकडे. खोड. टाचा उंचावल्या, दगडावर चढली, दोन झाडांच्या मध्ये डोळे घातले. तिथे तिसरं झाड होतं. ढिगाऱ्याशेजारी एक जोडपं थर्मासमधून चहा ओतत होतं. शहर कुठून दिसतं, तिने विचारलं. मुलगी म्हणाली, "इथून नाही दिसत, आपा. झाडं आहेत ना. शहर बघायचं तर खाली गवतावर जावं लागेल." तरीही तिने शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, पूर्वी दिसत असेल, झाडं लहान असतील तेव्हा. मुलाने एका खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारून दाखवली. हात अर्ध्यापर्यंतही पोचले नाहीत. तो म्हणाला, ही झाडं लहान होती तेव्हा खाली शहरच नव्हतं.

उल्बोल्सिन दगडावर बसली. दरवर्षी. निळ्या रुमालात होतीस. हात दुखला असेल. तो इथे उभा राहत होता, याच खोडांकडे तोंड करून, सोबत्यांबरोबर काझी खात, आणि एक वाजता, एक वाजला हे तरी त्याला आठवत असेल का? तिने रागाची वाट पाहिली. राग यायला हवा होता. इतकी वर्षं खिडकीत हात हलवणारी बाई आणि तिच्याकडे न बघणारा डोंगर. पण रागाऐवजी तो पिवळा रुमाल आला. त्या दिवशी तो खरं बघून बोलला असता तर पिवळा म्हणाला असता. तो बघून बोलतच नव्हता. तो सकाळी निघताना दारात पाहिलेली तिला दिवसभर घेऊन हिंडत होता, आणि संध्याकाळी जशीच्या तशी परत आणून देत होता. निळ्या रुमालात. हे खोटं कोणत्या खात्यात टाकायचं, तिला ठरवता येईना. खोट्याच्या खात्यात ते बसत नव्हतं.

फोन वाजला. एक वाजला होता.

"पोचलीस?" तेल्मान. मागे तिच्याच स्वयंपाकघरातल्या नळाचा ठिबकणारा आवाज.

"पोचले."

"दिसतोय का मी? उभा आहे केव्हाचा. खालून झान्ना विचारतेय, वेड लागलं का."

तिने समोर पाहिलं. खोडाच्या सालीवरून एक मुंगी राळेचा थेंब टाळून वळसा घालत होती. "दिसतोयस," ती म्हणाली.

कुर्दास तो कुर्दास. "मग सांग बघू, हातात काय आहे माझ्या?"

लाल टेबलक्लॉथ, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ठरलंच होतं तसं. पण तिने डोळे मिटले, आणि तिला आपली खिडकी दिसली, स्वच्छ, काचेवरच्या डागासकट, आणि खिडकीत दाढी केलेला, इस्त्रीच्या सदऱ्यातला, सपाता घातलेला एक म्हातारा. आयुष्यात पहिल्यांदा कोणाची तरी वाट बघणारा, हातात जे आलं ते घट्ट धरलेला.

"नान," ती म्हणाली.

मग तेल्मान अगदी हळू म्हणाला, "अगं, हो की. टेबलक्लॉथ टेबलावरच राहिला बघ."

"हात खाली घे आता. दुखेल," उल्बोल्सिन म्हणाली. "आणि चहा उशिरा टाक. मी येतेय."